न्यूर्बुर्गरिंग २४ तास : वीस महिन्यांची वाट

ऑक्टोबर २०२३ मधल्या एका रात्री मी जर्मन मोटरस्पोर्ट महासंघाची, म्हणजे डीएमएसबीची, नॉर्डश्लायफ परमिटबद्दलची, म्हणजे न्यूर्बुर्गरिंगच्या जुन्या ट्रॅकवर शर्यत करायच्या परवान्याबद्दलची, नियमावली उघडून बसले होते. दोन तासांनी मला एवढंच कळलं होतं की परमिटचे 'बी' आणि 'ए' असे दोन टप्पे आहेत, आणि 'ए' मिळवायचा तर आधी 'बी'वर शर्यती कराव्या लागतात. बाकी सगळी जर्मन संक्षेपांची गर्दी. ज्याने हे सगळं केलंय असं कुणीतरी समोर बसून पहिल्यापासून सांगायला हवं होतं, असं त्या रात्री फार वाटलं. जून २०२५ मध्ये मी न्यूर्बुर्गरिंगची चोवीस तासांची मोटार शर्यत केली. तेव्हा त्या रात्री मला जे हवं होतं ते आता लिहून ठेवते.

मी व्यावसायिक ड्रायव्हर नाही. नोकरी करते. या तयारीआधीची सहा वर्षं सुट्टीच्या दिवशी ट्रॅक डे आणि छोट्या क्लब शर्यती केल्या होत्या, इतकाच अनुभव. वयाच्या अडतिसाव्या वर्षी सुरुवात केली.

ज्यांना ही शर्यत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. जर्मनीतल्या आयफल डोंगररांगांत, न्यूर्बुर्ग किल्ल्याला वळसा घालून जाणारा हा ट्रॅक १९२७ मध्ये सुरू झाला. त्याचा जुना भाग, नॉर्डश्लायफ, २०.८३२ किलोमीटरचा आहे. चोवीस तासांच्या शर्यतीत त्याला नवा ग्रांप्री ट्रॅक जोडतात आणि एक लॅप २५.३७८ किलोमीटरची होते. पहिली २४ तासांची शर्यत १९७० साली झाली. फॉर्म्युला वनने १९७६ मधल्या निकी लाउडाच्या अपघातानंतर नॉर्डश्लायफ सोडला, पण ही शर्यत तिथेच राहिली. तिचं वेगळेपण असं की कारखान्यांच्या मदतीने धावणाऱ्या, सगळ्यात वेगवान वर्गातल्या जीटी३ गाड्या आणि माझ्यासारख्यांच्या जवळपास शोरूममधल्या गाड्या एकाच वेळी, एकाच रस्त्यावर पळतात. शंभराहून कितीतरी जास्त गाड्या असतात.

यातूनच एक हिशोब निघतो आणि तो मी पहिल्याच आठवड्यात वहीत मांडला होता. जीटी३ची चांगली लॅप सव्वाआठ मिनिटांच्या आसपास. मला परवडणाऱ्या वर्गातली लॅप सव्वादहा मिनिटांची. म्हणजे साधारण दर चाळीस मिनिटांनी प्रत्येक जीटी३ मला एकदा ओलांडून जाणार. अशा वीसेक गाड्या, शिवाय पोर्शे कप आणि जीटी४ या मधल्या वेगाच्या गाड्या वेगळ्या. शर्यतीत मी किती जणांना मागे टाकेन याचं चित्र डोळ्यांसमोर असतं, आणि खरं काम असतं ते ओलांडलं जाण्याचं. हे मला वहीत कळलं होतं. हातापायांना कळायला आणखी वर्ष लागलं.

नोव्हेंबर-डिसेंबर कागदपत्रांत गेले. माझं लायसन्स जर्मनीबाहेरच्या महासंघाचं आहे. त्यामुळे तीन गोष्टी लागल्या: आंतरराष्ट्रीय दर्जाचं लायसन्स, वैद्यकीय तपासणी, आणि परदेशात शर्यत करायला आपल्या महासंघाची परवानगी. ही परवानगी म्हणजे एक कागद असतो किंवा लायसन्सवरच नोंद असते. तो नसेल तर सगळं असूनही कागदपत्रांच्या खिडकीवरून परत पाठवतात. वैद्यकीय फॉर्मवर डोळे, रंग ओळखणं, रक्तदाब, ईसीजी, रक्तगट, धनुर्वाताची लस असं सगळं असतं. मी लसीच्या तारखेची जागा रिकामी सोडली. फॉर्म परत आला आणि सतरा दिवस गेले. डॉक्टरांकडून उठण्याआधी प्रत्येक चौकटीवर बोट ठेवून बघा. लायसन्स आणि तपासण्या मिळून मला ६०० युरोंच्या आसपास खर्च आला.

मग कपडे. हेल्मेट, मान सांभाळणारं हान्स, आगीपासून वाचवणारा सूट, आतले कपडे, मोजे, बूट, हातमोजे. प्रत्येकावर एफआयएचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट महासंघाचा, मानक क्रमांक हवा. सूटसाठी ८८५६-२०१८, हेल्मेटसाठी मी ८८५९-२०१५ चं घेतलं, हान्ससाठी ८८५८. माझा जुना सूट आधीच्या मानकाचा होता, तो बाजूला ठेवावा लागला. एकूण २,९०० युरो. मानेशी टोचतं म्हणून आतल्या कपड्यांवरचं लेबल कापू नका. तपासणीत नेमकं तेच उलटून बघतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये परमिटचा ऑनलाइन भाग केला. झेंडे, दिवे, वेगमर्यादा, पिटचे नियम. इथले झेंड्यांचे नियम इतर ट्रॅकपेक्षा वेगळे आहेत आणि त्याला कारण आहे. पंचवीस किलोमीटरच्या ट्रॅकवर एका ठिकाणी अपघात झाला म्हणून सगळी शर्यत वेग रोखून धरणाऱ्या सेफ्टी कारमागे बांधता येत नाही. म्हणून जिथे धोका तिथेच वेग उतरवतात. दुहेरी पिवळा झेंडा हलला की ताशी १२०. कोड ६० दिसला की ताशी ६०, आणि ओलांडणं बंद. जीपीएसवरून प्रत्येक गाडीचा वेग तपासला जातो. हे वाचताना सोपं वाटतं. पण २०० च्या वेगात टेकडीच्या माथ्यावर येताना मार्शलची चौकी आधी डोळ्यांत भरायला हवी आणि रस्ता नंतर, ही सवय वेगळी लावावी लागते. मी सिम्युलेटरवर सगळ्या चौक्यांच्या जागा पाठ केल्या. कॉर्नरच्या आधी चौकी, असा क्रम. पुढे ज्या गोष्टींचा खरोखर उपयोग झाला त्यांत ही सगळ्यात वर आहे.

सिम्युलेटरबद्दल आणखी एक. रस्ता कुठे वळतो हे तो शिकवतो. फुक्सरोरंच्या तळाशी गाडी दबते तेव्हा पोटात काय होतं, कारुसेलच्या काँक्रीटच्या उतारावर स्टिअरिंग हातांत कसं धडधडतं, हे नाही शिकवत. तरी घरी दोनशे-अडीचशे लॅप केल्याशिवाय तिथे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. त्र्याहत्तर वळणं ट्रॅकवर जाऊन पाठ करायची म्हणजे दुसऱ्याच्या गाडीवर आणि आपल्या पैशांवर पाठ करणं.

प्रत्यक्ष कोर्स एप्रिल २०२४ मध्ये झाला. गाडीचं भाडं धरून १,४५० युरो. सकाळी आठला सुरू व्हायचा तो धुक्यामुळे सव्वाअकराला सुरू झाला. आयफलमध्ये धुकं हा वेळापत्रकाचाच भाग आहे, परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं काढू नका. इन्स्ट्रक्टर साठीचे होते, शांत. पुढच्या गाडीतून रेडिओवर बोलत ट्रॅक तुकड्या-तुकड्यांनी दाखवायचे. दुपारी त्यांनी आम्हा चौघांना थांबवून विचारलं, "मागून जीटी३ येतेय, तुम्ही काय करणार?" मी म्हणाले, "बाजूला होऊन जागा देईन." त्यांनी मान हलवली. "बाजूला होऊ नकोस. तू तुझ्या रेषेवर, वळणातून जायच्या नेहमीच्या वाटेवर, राहा. त्याला तुझ्या आजूबाजूने जायचं आहे, आणि तू कुठे असशील हे त्याला आधी कळायला हवं. तू सौजन्य दाखवायला गेलीस की त्याचा अंदाज चुकतो." मी ते लिहून घेतलं. खाली दोन रेघाही मारल्या.

मे महिन्यात 'बी' परमिट हातात आलं. पहिली पायरी म्हणून आरसीएन मालिकेतला एक दिवस केला, १,९०० युरो. तिथे गाड्या एकदम सुटत नाहीत, एकामागून एक सोडतात. काही लॅप वेगाच्या असतात, काहींत आधी लावलेली वेळ पुन्हा जुळवायची असते. एकदम एनएलएसच्या, म्हणजे इथल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या मालिकेच्या, गर्दीत उतरण्याआधी हा दिवस करावा असं मी सगळ्यांना सांगते. रहदारी असते, पण अंगावर येत नाही.

१ आणि २ जूनला २०२४ ची चोवीस तासांची शर्यत बघायला गेले. ब्रुनशनच्या टेकडीवर छत्री धरून उभी होते. रात्री अकराच्या पुढे धुकं इतकं उतरलं की लाल झेंडा आला, शर्यत थांबली. दुसऱ्या दिवशी दुपारी सेफ्टी कारमागे थोड्या लॅप झाल्या आणि शर्यत संपली. जिंकणाऱ्या ऑडीच्या नावावर पन्नास लॅप. इतिहासातली सगळ्यात छोटी २४ तासांची शर्यत. माझ्या शेजारच्या तंबूतले लोक आठवडाभर आधी येऊन जागा धरून बसले होते, तरी कुणी कुरकुर केली नाही. त्या रात्री धुक्यात उभं राहून मला पहिल्यांदा स्पष्ट वाटलं की इथे यायचंच आहे. आणि हेही कळलं की सगळे पैसे भरून, सगळी तयारी करून सात-आठ तासच मिळतील, हे मान्य असेल तरच यावं.

त्यानंतर टीम शोधली. एनएलएसमध्ये गाडीतली जागा भाड्याने मिळते, दोन-तीन ड्रायव्हर मिळून एक गाडी. मला अडीच लिटरची बीएमडब्ल्यू ३२५आय मिळाली, व्ही४ वर्गातली. एका शर्यतीचे ३,४०० युरो. करारात चार गोष्टी वाचाच: टायर आणि पेट्रोल किमतीत धरलेत का, अपघात झाला तर तुमची जबाबदारी किती रकमेपर्यंत, इंजिन गेलं तर कुणाचं, आणि ट्रॅकच्या लोखंडी कठड्याचं नुकसान कोण भरणार. कठडा मीटरच्या हिशोबाने बदलतात आणि बिल येतं. मी पहिला करार सही करण्याआधी तीन वेळा वाचला आणि प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारला. टीमला त्याचं काही वाटलं नाही, उलट त्यांनी सगळं लेखी दिलं. ज्यांना विचारलेलं खटकतं त्यांच्याकडे जाऊ नये.

जुलैची पहिली शर्यत मी जवळजवळ आरशात बघतच काढली. पिटमध्ये एकेका गॅरेजात कितीतरी गाड्या असतात, पेट्रोलचा पंपही अनेकांत मिळून, आणि त्या गडबडीत बेल्ट बांधताना माझे हात थरथरत होते. सात लॅप केल्या. गाडी जशी घेतली तशी परत दिली. ऑगस्टची त्याहून बरी गेली, डॉटिंगर होहंच्या लांब सरळ रस्त्यावर श्वास घ्यायला, पाणी प्यायला शिकले. जवळजवळ अडीच किलोमीटर सरळ. सगळ्यांनी तिथेच खांदे सैल सोडायचे असतात.

सप्टेंबरमध्ये मात्र ठोकली.

कालनहार्डच्या उजव्या वळणाकडे उतरत होते. आरशात दोन जीटी३ एकमेकींना चिकटून आल्या. त्यांची आपसातली लढत दिसत होती आणि मला वाटलं, यांच्या मध्ये आपण नको. मी डावीकडे सरकले. रेषेबाहेर रबराचे तुकडे आणि धूळ पसरलेली असते. पुढची चाकं सुटली, गाडी सरळ गेली आणि कठड्याला घासत थांबली. मला काहीही लागलं नाही. वेग फार नव्हता. मार्शल धावत आले, अंगठा वर करून विचारलं, मी अंगठा दाखवला. मग त्या उतारावर टो करणाऱ्या गाडीची वाट बघत कठड्यामागे उभी राहिले तेव्हा एप्रिलमधलं ते वाक्य शब्दन् शब्द आठवलं. वहीत दोन रेघा मारून ठेवलेलं.

बिल आलं ४,२०० युरोंचं. बंपर, दिवा, सस्पेन्शनचा एक भाग आणि कठडा. पैशांपेक्षा जास्त बोचलं ते वेगळंच. शर्यत पूर्ण न झाल्याने माझा 'ए' परमिटचा हिशोब अपुरा राहिला आणि पुढची संधी थेट वसंतात. सहचालकांना तोंड कसं दाखवायचं हा प्रश्न होता, कारण त्या दिवशी त्यांना गाडी चालवायलाच मिळाली नाही. मी दोघांनाही फोन केला. एक जण म्हणाला, "सगळे ठोकतात. का ठोकलीस ते सांगता येतं का तुला?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मग झालं."

हिवाळाभर मी सिम्युलेटरवर एकच सराव केला. एकटीने वेगवान लॅप मारणं सोडून दिलं. ऑनलाइन शर्यतींत मुद्दाम सगळ्यात संथ गाडी घ्यायची आणि ओलांडून घ्यायचं. रेषेवर राहायचं, वळणातून बाहेर पडताना सरळ रस्ता आला की ॲक्सिलरेटर किंचित उचलायचा, एवढंच. यात वेळ किती जातो हेही मोजलं. नीट जमलं तर एका ओलांडण्यात अर्धा सेकंद. घाबरून बाजूला झालं तर दोन ते तीन सेकंद, शिवाय घाणीत गेलेले टायर पुढची दोन वळणं साथ देत नाहीत.

मार्च २०२५ ची एनएलएस पूर्ण केली. निकालपत्रकं, लॅपच्या नोंदी आणि अर्ज डीएमएसबीकडे पाठवले. अकरा दिवसांनी 'ए' परमिटचा ईमेल आला. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचला आणि जिन्यात जाऊन एकटीच थोडा वेळ बसले. निकाल प्रत्येक शर्यतीनंतर लगेच उतरवून एका फोल्डरमध्ये ठेवत जा. सहा महिन्यांनी शोधायला लागू नये.

परमिट लांबलं म्हणून कुणी खचून जात असेल तर एक सांगते. सप्टेंबर २०२५ मध्ये चार वेळचा विश्वविजेता मॅक्स वेरस्टॅपनलाही याच दारातून यावं लागलं. ताकद कमी केलेल्या पोर्शे केमनमध्ये त्याने एनएलएसच्या लॅप पूर्ण केल्या, परमिट घेतलं, आणि दोनच आठवड्यांनी फेरारी जीटी३मध्ये शर्यत जिंकली. नियम सगळ्यांना सारखा आहे, आणि या ट्रॅकवर तो असायलाच हवा. २०१५ मध्ये फ्लुगप्लाट्सच्या उंचवट्यावरून एक गाडी उडून कठड्यापलीकडे गेली आणि एका प्रेक्षकाचा जीव गेला. त्या जागेवरून जाताना मला ते दर वेळी आठवतं.

टीमने २४ तासांच्या जागेबद्दल आधीच सांगून ठेवलं होतं: 'ए' हातात नसेल तर बोलणंच नको. परमिट पाठवल्याच्या दुसऱ्या दिवशी करार आला. दोन लिटर टर्बोची बीएमडब्ल्यू ३३०आय, चार ड्रायव्हर, १४,५०० युरो. अपघाताची ठेव वेगळी, १०,००० युरो, काही न झाल्यास परत. त्याआधी एप्रिलमधल्या क्वालिफायर्सच्या, म्हणजे मुख्य शर्यतीआधीच्या तयारीच्या, शर्यतींचे ४,८०० युरो. अपघाताचं बिल धरून वीस महिन्यांचा खर्च ४४ हजार युरोंच्या जवळ गेला, प्रवास आणि राहणं सोडून. मी माझी ट्रॅकची गाडी विकली, चार वर्षांची बचत घातली आणि उरलेल्या रकमेसाठी दोन ओळखीच्या व्यवसायांनी गाडीवर नाव लावायचे पैसे दिले. हे आकडे लिहिताना संकोच वाटतो. पण मला कुणीच आकडे सांगितले नव्हते आणि त्यामुळे मी पहिलं बजेट अर्ध्याहून कमी धरलं होतं.

जूनचा आठवडा. मंगळवारी पोचले. बुधवारी कागदपत्रं आणि सामानाची तपासणी: लायसन्स, परमिट, परदेशी परवानगी, सगळ्यांच्या मूळ प्रती. रांग दीड तासाची. पाण्याची बाटली आणि सावलीची टोपी घेऊन उभं राहा. गुरुवारी रात्रीचा सराव होता आणि मला त्याचीच सगळ्यात धास्ती होती.

नॉर्डश्लायफवर रात्री दिवे नसतात. ग्रांप्री ट्रॅकचा उजेड मागे पडला की आपल्या गाडीच्या प्रकाशाचा तुकडा आणि झाडं, एवढंच. ज्या खुणांवर मी दिवसा ब्रेक मारत होते त्यातल्या निम्म्या रात्री नाहीशाच झाल्या होत्या. पहिल्या लॅपमध्ये मी बारा मिनिटांच्या वर गेले. दुसऱ्यात कळलं की आरसा रात्री जास्त सांगतो. दिवसा गाडी दिसेपर्यंत ती जवळ आलेली असते, रात्री तिचे दिवे दोन वळणं आधी झाडांवर पडतात. जंगल मागून उजळायला लागलं की समजायचं, कुणीतरी येतंय, अजून सात-आठ सेकंद आहेत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शनिवार, २१ जून. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस आणि कडक ऊन. ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीसाठी गाड्या उभ्या असतात तिथे, प्रेक्षकांना सोडतात, त्यामुळे गाडीपर्यंत जायलाच वीस मिनिटं लागली. दुपारी चारला शर्यत सुटली, गाड्या तीन गटांत सोडतात, आमची शेवटच्यात. पहिला स्टिंट, म्हणजे चालवण्याची पाळी, आमच्यातल्या सगळ्यात अनुभवी माणसाने घेतला. पहिल्या दोन तासांतच लाल झेंडा आला. पिटमधली वीज गेली होती. पेट्रोलचे पंप, वेळ मोजणारी यंत्रणा, सगळं अडकलं. दोन तासांहून जास्त थांबलो. माझा स्टिंट आठ वाजता होता, तो पुढे सरकत गेला. अशा वेळी सूट पूर्ण घालून बसू नका. मी पहिला अर्धा तास तशीच बसले आणि घामाने नुसती निथळत होते. टीमच्या मेकॅनिकने सूट कमरेपर्यंत उतरवायला लावला, हातात बर्फाचं पाणी दिलं आणि म्हणाला, "बोलावलं की तीन मिनिटं मिळतात. पुरतात."

रात्री सव्वाअकराला मी गाडीत बसले. नऊ लॅप, काही मिनिटं इकडेतिकडे धरून तासापेक्षा बरंच जास्त. पहिल्या दोन लॅप मोजत होते. मग मोजायचं विसरले. ब्रुनशन आणि फ्लांत्सगार्टनच्या बाजूला हजारो लोक रात्रभर जागे असतात, शेकोट्या आणि ग्रिल पेटवून. तो धूर गाडीत येतो. अंधारात ताशी १७० ने जाताना अचानक भाजल्याचा वास, मग पुन्हा नुसतं जंगल. हेल्मेटच्या आत मला त्या माणसांची सोबत वाटली. चौथ्या लॅपला हाट्सेनबाखच्या आधी कोड ६० होता. साठच्या वेगात पूर्ण शांततेत सरकत जाताना बाजूला एक गाडी कठड्याला लागलेली दिसली, ड्रायव्हर शेजारी उभा, हात हलवत होता. ठीक होता.

आणि ओलांडणं. सहाव्या लॅपला बेर्गवेर्कनंतरच्या चढावर झाडं मागून उजळली. तीन दिवे, मग चार, मग सहा. म्हणजे तीन गाड्या. केसलशनचा तो चढ लांब आहे, माझ्या गाडीचा जीव तिथे निघतो. मी रेषेवर राहिले. पहिली डावीकडून गेली, दुसरी तिच्यामागून. तिसरीला पुढच्या वाकणाआधी पोचता आलं नाही. ती माझ्यामागे थांबली. मी वाकण नेहमीसारखंच घेतलं, बाहेर पडताना ॲक्सिलरेटर किंचित उचलला, आणि ती गेली. जाताना डावीकडचा इंडिकेटर एकदा लुकलुकला. आभाराचा. डोळ्यांत पाणी आलं आणि हेल्मेटमध्ये पुसता येत नाही, म्हणून मोठ्याने श्वास घेत कारुसेलपर्यंत गेले.

रेडिओ जंगलातल्या काही भागांत पोचत नाही. इंजिनियरचा आवाज तुटत तुटत येतो. आम्ही आधीच ठरवलं होतं की महत्त्वाचं काहीही फक्त डॉटिंगर होहंवरच बोलायचं. तिथेच त्याने सांगितलं, "या लॅपला आत ये. छान." टायर, पेट्रोल, ड्रायव्हर. मी उतरले तेव्हा पाय जमिनीवर टेकल्याचं कळायला दोन क्षण लागले.

झोप ही पूर्वतयारीतली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. ट्रकमध्ये गादी होती, पण डोकं झोपत नव्हतं. कानात बोळे, डोळ्यांवर पट्टी, आणि उठवण्याची जबाबदारी एका ठरावीक माणसाकडे. गजरावर विसंबू नका, गोंगाटात तो ऐकू येत नाही. मला दोन तास मिळाले. दुसरा स्टिंट सकाळी सात ते साडेआठ. सूर्य अजून खाली, थेट डोळ्यांत, काच किड्यांनी माखलेली. रात्रीपेक्षा तो अवघड गेला. त्याबद्दल सांगण्यासारखं तेवढंच.

ज्या गोष्टीवर मी वर्षभर घाम गाळला होता तीच शेवटी शर्यतीचा निकाल ठरवून गेली. आघाडीवरच्या मांथाई पोर्शेचा एका संथ ॲस्टन मार्टिन जीटी४ला ओलांडताना धक्का लागला आणि ती ॲस्टन उलटली. पोर्शेला १०० सेकंदांची शिक्षा झाली. तिने अंतिम रेषा सगळ्यांत आधी ओलांडली, पण विजय रोवे टीमच्या बीएमडब्ल्यूला मिळाला. पॅडॉकमध्ये, म्हणजे टीमच्या तळावर, दिवसभर कोण बरोबर यावर वाद चालला होता. मी त्यात बोलले नाही. त्या दोन गाड्यांमधल्या अंतराची मला आता ओळख होती आणि ते किती थोडं असतं हे माहीत होतं.

आमची शेवटची लॅप माझ्या वाट्याला नव्हती. मी पिटच्या भिंतीवर उभी होते. शेवटच्या लॅपला मार्शल सगळे झेंडे घेऊन कडेला येतात आणि गाड्यांना निरोप देतात, हे स्क्रीनवर दिसत होतं. आमची गाडी पुढच्या बंपरला टेप लावलेल्या अवस्थेत, वर्गात मधोमध कुठेतरी, आली. चौघांनी एकमेकांना मिठी मारली. सप्टेंबरात ज्याचा दिवस मी वाया घालवला होता तो सहचालकही या चौघांत होता.

सोमवारी सामान आवरलं, हान्स आणि हेल्मेट वेगळ्या पिशवीत, सूट पहिल्यांदा हवेशीर टांगून. परमिटची मुदत बघून ठेवली, त्याचं नूतनीकरण वेळेत करावं लागतं. गुरुवारी सकाळी बँकेचा मेसेज आला. ठेवीचे १०,००० युरो पूर्ण परत आले होते.